वरचा झेंडा, खालचा झेंडा

दिली, शुक्रवार, २७ ऑगस्ट १९९९

काल प्रचाराचा शेवटचा दिवस होता आणि आमच्या कुलुहुन वस्तीतल्या रस्त्यावर माणसं कापली गेली. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. खरं आहे, म्हणून खोडत नाही.

दुपारी शाळेतून परतत होतो. पुलाजवळ स्वातंत्र्यवाल्यांचा ट्रक मिलिशियाच्या, म्हणजे जकार्तावाल्यांच्या हत्यारबंद टोळीच्या, पोरांनी अडवला होता. अंगात काळे बनियन, कपाळाला लाल-पांढरी फडकी. पहिला दगड कोणी मारला, देव जाणे. एकाच्या खांद्यात कोयता असा रुतला की मारणाऱ्याला त्याच्या छातीवर पाय देऊन तो उपसावा लागला. पोलीस झाडाच्या सावलीत उभे. त्यांच्यातला एक सिगारेट ओढत होता, त्याने ती विझवलीसुद्धा नाही. मग गोळ्या सुटल्या आणि मी गटारात आडवा झालो. माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं नसेल अशी आशा आहे.

माझी मुलगी लीना दवाखान्यातून अंधार पडल्यावर आली. नन लोकांच्या दवाखान्यात ती नर्स आहे. बाह्या कोपरापर्यंत रक्ताने कडक झालेल्या.

"दोन्हीकडची पोरं माथेफिरू झालीत," मी म्हणालो.

"दोन्हीकडे कोयते होते का, बाबा?"

"गटारात पडलेल्याला सगळं दिसत नाही."

माझ्या बायकोने, रोझाने, तिला हात धुवायला पाणी दिलं आणि दोघी आत गेल्या. हल्ली मायलेकी फार वेळ आत असतात.

माझं मत मी कधी लपवलेलं नाही. जकार्ताच्या सरकारने आपल्या राज्यात ठेवून स्वायत्तता देऊ केली आहे, ती घ्यावी. पंचाहत्तर साली जकार्ताचं सैन्य आलं, झेंडा बदलला, तेव्हा काय झालं ते मी पाहिलं आहे. धाकटा भाऊ तेव्हा डोंगरात गेला, त्याची हाडंही मिळाली नाहीत. शाळा कोणाच्या का राज्यात होईना, चालू राहिली पाहिजे. लहान घराने मोठ्या शेजाऱ्याशी किती भांडायचं?

सोमवारी मतदान.

सोमवार, ३० ऑगस्ट

मत दिलं. इतकी माणसं मी चर्चमध्येही कधी पाहिली नाहीत. म्हाताऱ्यांना लेकांनी पाठुंगळीला मारून आणलं होतं. आणि एवढ्या गर्दीत आवाज नाही. फक्त पोरं रडत होती.

रोझाने तिच्या आईने विणलेलं वस्त्र नेसलं होतं. ते ती फक्त लग्नाला काढते. मी थट्टा केली, "कोणाचं लग्न आहे?" ती म्हणाली, "बघू, जमतंय का."

आत टेबलाशी आमच्या शाळेतला गणिताचा शिक्षक अगोश्तिन्यो बसला होता. हे मतदान संयुक्त राष्ट्रसंघ घेतोय, स्थानिक मदतनीस म्हणून घेतलं आहे त्याला. "या गुरुजी," म्हणाला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या लीनाचं नाव शोधायला त्याला उगीच वेळ लागला. लीनाचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

कागदावर दोन झेंडे. वरचा लाल-पांढरा, म्हणजे स्वायत्तता मान्य. खालचा स्वातंत्र्यवाल्यांचा. खिळ्याने भोक पाडायचं. मी वरच्यावर पाडलं.

रोझा बाहेर आली ती डोळे पुसत. शांततेला मत दिलं की मन भरून येतंच. मी म्हणालो, "काही झालं तरी आपल्या घरची तीन मतं पक्की."

"हो," ती म्हणाली. "पक्की."

बुधवार, १ सप्टेंबर

आज मातेउस आला होता. तेउस म्हणतात त्याला. माझा जुना विद्यार्थी, आता आमच्या वस्तीतल्या मिलिशिया टोळीचा म्होरक्या. येताना तांदळाचं पोतं आणि दाराला बांधायला लाल-पांढरी फीत घेऊन आला. फीत त्याने स्वतः बांधली. माझ्या समोर सिगारेट ओढत नाही, अजूनही. ही मुलं वाया गेली म्हणतात, पण आदर विसरलेली नाहीत.

"गुरुजी, मोजणीत घोटाळा चाललाय," तो म्हणाला. "राष्ट्रसंघाने घेतलेली इथलीच माणसं करतायत. आपल्या शाळेतलं कोणी होतं का हो त्यात?"

"होता की. अगोश्तिन्यो. पण तो तसा नाही रे. पोरगा सरळ आहे. तुला वाटत असेल तर मी बोलतो त्याच्याशी."

"छे, तुम्ही कशाला त्रास घेता. मीच विचारतो. राहतो कुठे?"

"बेकोराला, चर्चच्या मागे. थोरला भाऊ नातालिनु आहे ना सुतार, त्याच्याकडे."

तेवढ्यात लीना कॉफी ठेवत होती, कप बशीवरून घसरला. माझ्या विजारीवर सांडली. पुसायचं सोडून ती म्हणाली, "मला ड्युटी आहे," आणि चपला न घालता निघून गेली. ड्युटी तर उद्या होती. मी रोझाला म्हणालो, हिच्या डोक्यात हल्ली काय असतं? रोझा तेउससाठी दुसरी कॉफी करायला गेली. बराच वेळ लावला तिने. साखर सापडत नव्हती म्हणे.

गुरुवार, २ सप्टेंबर

नातालिनुला मारलं. सुताराला.

सकाळी शिपाई सांगत आला. काल संध्याकाळी टोळी आली, घरात दोन भावांपैकी तोच सापडला. दुकानाच्या बाकावर, जिथे तो लाकूड घासायचा, तिथेच त्याला आडवा घातला. त्याच्याच रंध्याने तोंड... नाही. हे लिहीत नाही. बायको आणि लहान मुलगी सेलेस्त आत कोपऱ्यात होत्या, त्यांना हात लावला नाही. अगोश्तिन्योचा पत्ता नाही.

काय झालं असावं? सुतारकामात उधारी असते, भांडणं होतात. आजकाल कोणीही कोणाचा हिशेब या धामधुमीत चुकता करून घेतो. अगोश्तिन्यो बहुधा डोंगरात पळाला. तेउसला तो भेटला होता का, ते विचारलं पाहिजे.

लीना जेवली नाही. मी म्हणालो, "फार वाईट झालं. तू ओळखत होतीस का नातालिनुला?" तिने माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. दवाखान्यात इतकी मढी पाहून मन कोडगं होत असावं.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

नातालिनुला पुरायला सोळा-सतराच माणसं आली. बाकीचे भ्याले. धर्मगुरू घाईघाईने प्रार्थना म्हणत होते, कारण रस्त्याच्या टोकाला मोटारसायकली उभ्या होत्या. नातालिनुच्या बायकोचं सांत्वन करायला पुढे झालो तर तिने तोंड फिरवलं. दुःखात माणूस माणूस ओळखत नाही.

रोझाने मागच्या अंगणात जमिनीत बांधलेल्या जुन्या सिमेंटच्या टाकीवर घरातलं सगळं सरपण रचून ठेवलं आहे. तडा गेल्यापासून टाकी कोरडीच पडलेली. मी विचारलं, आता तिथून काड्या काढायला वाकावं लागेल, हे कशाला? म्हणाली, डुक्कर आत पडलं तर? डुक्कर आजवर पडलं नाही ते आता काय पडणार. पण बायकांशी सरपणावरून वाद घालू नये.

तेउसने दिलेला तांदूळ भराभर संपतोय. उंदीर झालेत.

शनिवार, ४ सप्टेंबर

सकाळी रेडिओवर निकाल लागला. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर माणसांनी खालच्या झेंड्यावर भोक पाडलं.

अठ्ठ्याहत्तर. म्हणजे माझ्या डाव्या हाताचा शेजारी, उजव्या हाताचा शेजारी, समोरचा दुकानदार, शाळेचा शिपाई. यांतल्या प्रत्येकाने गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर मान डोलावली होती. बोलताना "हो गुरुजी, बरोबर गुरुजी." खिळा हातात आल्यावर दुसरंच.

स्वयंपाकघरातून विचित्र आवाज आला. जाऊन पाहिलं तर मायलेकी जमिनीवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, तोंडात फडकं. मी म्हणालो, "रडू नका. मीही खचलोय. पण आता जे होईल ते होईल." रोझाने मान हलवली.

बाहेर कोणी नाचलं नाही. जिंकलेल्यांनी दारं आतून लावली. असा विजय मी पाहिला नव्हता. रस्ता इतका शांत की समोरच्या घरातली कढई खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग दुपारच्या आधीच पुलाकडून मशीनगन सुरू झाली. संध्याकाळपर्यंत तीन बाजूंना धूर. समोरच्या दुकानदाराला दारातून ओढून काढला. तो ओरडत होता, "मी वरच्याला दिलं! शपथ, वरच्याला दिलं!" कोयतेवाला म्हणाला, "मग बावीसातला असशील. अठ्ठ्याहत्तरातला एक कमी करायचाय, चुकून बावीसातला गेला तर माफ कर." आणि हसत हसत मारला. दोन वार. तिसऱ्याला गरज नव्हती, तरी केला.

माझ्या दाराला फीत होती. आमच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

रविवार, ५ सप्टेंबर

चर्चमध्ये रविवारची प्रार्थना नाही. घंटा नाही. चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्या लोकांवर गोळीबार झाला, असं पळत येणारी माणसं सांगतात. एक बाई मूल कडेवर घेऊन आमच्या फाटकाशी थांबली, फीत पाहिली आणि थुंकून पुढे गेली.

दुपारी तेउस आला, बरोबर आठ-दहा जण. डोळे तांबारलेले, बनियनवर वाळलेले डाग.

"गुरुजी, घर बघावं लागेल. वरून सांगितलंय. तो अगोश्तिन्यो या बाजूला आला असं कोणीतरी बोललं."

मला राग आला. "माझ्या घरात? बघ की! कोपरा न् कोपरा बघ. मेरीमातेची शपथ, माझ्या घरात माझी बायको, मुलगी आणि मी, चौथं माणूस नाही."

तेउसने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे सैल पडले. "तुमची शपथ म्हणजे झालं," तो म्हणाला. तरी त्याची पोरं आत शिरली. पलंग उलटे केले. मागे अंगणात एक जण सरपणाच्या ढिगाला कोयत्याने टोचू लागला, तर मीच ओरडलो, "अरे, पसरू नकोस, परवाच रचलंय तिने!" तो ओशाळून हसला. जाताना डुक्कर तेवढं नेलं.

ते गेल्यावर रोझा अंगणात होती तिथेच खाली बसली. तिला उठताच येईना.

म्हणून चुलीसाठी काड्या आणायला मीच गेलो. ढिगाखालून कोणीतरी खोकलं.

सरपण बाजूला केलं, टाकीवरचा पत्रा उचलला. टाकीत अगोश्तिन्यो गुडघे छातीशी घेऊन बसला होता. शेजारी आमच्या घरचं ताट. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "नमस्कार, गुरुजी." वर्गात उशिरा आल्यासारखा.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून राग दुप्पट. "माझ्या घरात! माझ्याकडून खोटी शपथ वदवलीत!"

"खोटी नव्हती," रोझा जमिनीवरूनच म्हणाली. "तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. एवढ्या वर्षांत एकदा जमलेलं नाही. तीच आमची भिंत होती."

"पण इथे का? सगळं दिली शहर सोडून इथेच का?"

उत्तर लीनाने दिलं. "ज्याने पत्ता सांगितला त्याच्या घरी कोण शोधणार, बाबा?"

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही, निदान एक श्वासभर. मग ती म्हणाली, "तुम्ही तेउसला घर सांगितलंत. मी धावत गेले. याला काढला. नातालिनुदादा म्हणाले, बायकापोरांना सोडून मी नाही येणार, मला कोण काय करतंय, मी सुतार माणूस."

टाकीतला अगोश्तिन्यो माझ्याकडे बघतही नव्हता. ताटातली शितं बोटाने एकत्र करत होता.

रोझाला मी विचारलं, "आणि मत? तुमची दोघींची मतं?"

"आता ते कशाला विचारता," ती म्हणाली.

सोमवार, ६ सप्टेंबर

सकाळ. आजूबाजूची घरं एकेक करून पेटवत येत आहेत. तेउसचा ट्रक कोपऱ्यावर दिसतो. रोझा म्हणते, आता काय करायचं ते तुम्ही सांगा. आजवर मला न विचारता सगळं केलं आणि नेमकं आज

अतांबुआ, सीमेपलीकडची छावणी. सप्टेंबर. तारीख कळत नाही.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचं. वही कमरेला होती, विजारीत, म्हणून वाचली.

त्या दिवशीचं लिहून ठेवतो.

तेउस फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या मागे पेट्रोलचे डबे घेतलेली पोरं होती. "चला गुरुजी, बोचकी बांधा. सीमेपलीकडे न्यायचंय तुम्हाला. घर पेटवायचंय."

"अरे, दाराला फीत आहे! तूच बांधलीस!"

"हो गुरुजी. पण काही मागे ठेवायचं नाही असं ठरलंय. ते जिंकले ना? मग घेऊ देत राख."

पेट्रोलचा वास अंगणात पसरला. एक पोरगा सरपणाच्या ढिगाकडे निघाला, जाळायला सर्वांत सोपं तेच होतं. लीना भिंतीला पाठ टेकून उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी म्हणालो, "तेउस. अगोश्तिन्यो शाळेत आहे."

तो थांबला.

"काल तू गेल्यावर आला होता. मी शाळेची किल्ली दिली. विज्ञानाच्या खोलीत आहे, आणखी चार-पाच पोरं आहेत त्याच्याबरोबर, त्यांच्याकडे बंदूक आहे. मी हाक मारली तरच दार उघडेल. पण तुम्ही सगळे चला, दोघा-तिघांचं काम नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. स्वच्छ, न अडखळता, इतिहास सांगावा तसा. तेउसने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा विश्वास बसला. एवढ्या वर्षांची माझी अब्रू त्या एका क्षणात खर्च झाली, कामी आली.

"डबे ट्रकमध्ये टाका," तो ओरडला. रोझाला म्हणाला, "काकू, बोचकी बांधून ठेवा, हा गेलो आणि हा आलो."

रोझा पायरीवर उभी होती. माझ्याकडे बघत होती. हात वर करायची सोय नव्हती, मी नुसती मान हलवली.

शाळेत मी विज्ञानाच्या खोलीपुढे उभा राहून हाक मारली. "अगोश्तिन्यो, बाहेर ये." पुन्हा मारली. जितका वेळ लावता आला तितका लावला. मग त्यांनी दार तोडलं. आत कपाटं, तराजू, पृथ्वीचा गोल. बाकी कोणी नाही.

तेउस हळूहळू माझ्याकडे वळला. त्याला राग यायला हवा होता. राग नव्हता. घरातलं कोणी मेल्याची बातमी ऐकल्यासारखा चेहरा.

"तुम्ही खोटं बोललात," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही?"

आधी शाळा पेटवली, मला बघायला लावून. वर्गामागून वर्ग. छपराचे पत्रे तापून फुटायला लागले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मैदानात तेउसने एकाच्या हातातली लोखंडी नळी घेतली.

"हात पुढे करा, गुरुजी."

मी केला. त्याला मी असाच उभा करत असे, पाढे आले नाहीत की. तळवा वर, कोपर सरळ.

"उजवा," तो म्हणाला. "आणि मागे घ्यायचा नाही."

पहिल्या फटक्याला मी हात मागे घेतला. तेव्हा दोघांनी धरला. बोटं मोडताना जो आवाज होतो तो दुखण्याच्या आधी ऐकू येतो. तेउस प्रत्येक फटक्याला रडत होता आणि मारत होता. नंतर मला ट्रकमध्ये फेकलं. वस्तीवरून गेलो तेव्हा आमच्या घराच्या जागी ज्वाळा होत्या. आत कोणी होतं की नव्हतं, ते मला ठाऊक नाही.

अतांबुआ, ऑक्टोबर

छावणीत दिलीची हजारो माणसं आहेत. काही स्वतः आली, बरीचशी माझ्यासारखी टाकली गेली. कोण कोणता ते विचारायचं नाही. टोळ्या इथेही आहेत, कोयते इथेही आहेत. परवा पाण्याच्या रांगेत एक माणूस म्हणाला, "मला घरी जायचंय." मोठ्यानेसुद्धा नाही. त्याला रांगेतून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर पोटात सुरा घातला. तो पडला, रांग एक पाऊल पुढे सरकली. मीही सरकलो. बादली भरून घेतली.

तेउस येतो. तांदूळ आणतो. "हात कसा आहे, गुरुजी?" विचारतो. त्या दिवशी काय घडलं ते त्याने कोणाला सांगितलेलं नाही. "तुम्ही आपले आहात," म्हणतो. "इथे तुम्हाला कोणी बोट लावणार नाही." माझी बोटं तिरकी सांधली गेली आहेत, तिकडे पाहून म्हणतो.

आज त्याला विचारलं, "नातालिनुला तू मारलंस का?"

"मी त्याचे पाय दाबून धरले होते फक्त," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "पत्ता बरोबर होता तुमचा."

दिली, सोमवार, २५ ऑक्टोबर

परत आलो. राष्ट्रसंघाच्या ट्रकमधून, तेउस गावात नव्हता तो दिवस साधून.

दिली शहर उरलेलं नाही. भिंती आहेत, छपरं नाहीत. समुद्रावरून वारा येतो तो थेट सगळ्या घरांतून फिरून जातो.

ट्रक पुलाजवळ थांबला. तिथे वस्तीतली पोरं परतणाऱ्यांची तोंडं पाहत उभी होती. कोणीतरी ओरडलं, "हा बघा, वरच्या झेंड्याचा हेडमास्तर! तेउसचा गुरू!" मला खाली ओढलं. पहिला दगड कानावर बसला. मग लाथा. शेजारच्या घरातला, जो माझ्याकडे कॉफी प्यायला यायचा, त्यानेही मारली. मी त्याचं नाव घेतलं तर त्याने आणखी एक मारली. रक्त डोळ्यांत गेल्यामुळे पुढचं नीट दिसलं नाही.

"थांबा," असा आवाज आला. अगोश्तिन्यो होता. जिवंत.

गर्दीतल्या कोणीतरी विचारलं, "तूच सांग. यानेच तुझ्या घराचा पत्ता दिला ना? यानेच नातालिनुला मारवलं ना?"

मला वाटलं, आता अगोश्तिन्यो नाही म्हणेल. मनातून मी तशी भीक मागत होतो.

"हो," तो म्हणाला. "यांनीच दिला."

गर्दीत एकाने फावडं उचललं.

"आणि मला सोडवण्यासाठी हात मोडून घेतला तोही यांनीच. हात बघा. दोन्ही खरं आहे. आता मारायचं तर मारा, पण अर्धं ऐकून मारू नका."

फावडं बराच वेळ वरच होतं. मग ज्याच्या हातात होतं तो शिवी देऊन निघून गेला. बाकीचेही पांगले, एकमेकांकडे न बघता. अगोश्तिन्योही गेला. मला उठवायला तो थांबला नाही.

मी घरापर्यंत भिंती धरत धरत आलो. राखेत निळी ताडपत्री बांधली होती. तिच्या दारात रोझा मका कुटत बसली होती. तिने वर पाहिलं, मुसळ खाली ठेवलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं. लीना पाणी घेऊन आली. माझा कान धुतला, मग हात धरून एकेक बोट चाचपलं, नर्ससारखं.

"हे पुन्हा मोडून बसवावं लागेल, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर असंच राहील."

"राहू दे."

"नाही," ती म्हणाली, "नाही राहू द्यायचं." आणि तेव्हा कुठे रडली.

शनिवार, ३० ऑक्टोबर

अगोश्तिन्यो आला होता. ताडपत्रीच्या आत आला नाही, बाहेरच उभा राहिला. लीना त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली, त्याने ती उभ्यानेच घेतली. त्यांचं लग्न ठरलं आहे. मला ते रोझाकडून कळलं; त्या दिवशी ट्रक वळताच तिघं डोंगराकडे पळाली, हेही तिच्याकडूनच.

"गुरुजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण बुधवारपासून चिंचेखाली शाळा भरवतोय. बाहेरून आलेले सगळे शिक्षक निघून गेले. पहिलीला माणूस नाही."

"मला फळ्यावर लिहिता येणार नाही."

"फळा आहे कुठे?"

जाताना तो म्हणाला, "सेलेस्त पहिलीत आहे. नातालिनुची. तिला सगळं माहीत आहे, लपवलेलं नाही. बघा, जमत असेल तर."

बुधवार, ३ नोव्हेंबर

गेलो.

मुलं घरातून आणलेल्या जळक्या पत्र्यांच्या तुकड्यांवर बसली होती. सेलेस्तला ओळखायला विचारावं लागलं नाही, बापाचं कपाळ आहे तिला. मी उभा राहिल्यावर ती उठली. वाटलं, निघून जाईल. तिने आपला पत्रा उचलला, शेवटच्या रांगेमागे नेला, आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी शिकवायला सुरुवात केली. पुस्तकं नाहीत, म्हणून अंक. धुळीत डाव्या हाताने काढून दाखवले. पोरं हसली, वाकडे येत होते. पुढच्यांना चारनंतर काय ते आठवेना. एकाने सहा सांगितलं, एकाने तीन. मी वाट पाहत राहिलो.

मागून, पाठमोरीच, ती म्हणाली, "पाच."

मी शाबास म्हणालो नाही. मला तो अधिकार नव्हता. मी म्हणालो, "पाच. आणि पाचनंतर?"

उत्तर यायला वेळ लागला. पण आलं.